साग आणि पाकट: तुलना करायचीच तर वयाची करा

ताई, मुलीच्या प्रकल्पात साग आणि ठिपकेदार पाकट यांची तुलना आहे आणि झाड-माशात सारखं काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंत. वय घ्या. दोघांच्याही अंगात वलयं पडतात आणि नागपुरात राहून ती बघता येतात.

आधी साग. आरामशीनवरून ओंडक्याची दोन इंची गोल चकती आणा. फळी नको, तिच्यात खोडाचा मध्य सापडेलच असं नाही. ८०, १२०, २२०, ४०० अशा क्रमाने पॉलिश पेपर मारा. मधला नंबर गाळला की ओरखडेच वलयांसारखे दिसतात. मग ओलं फडकं फिरवा. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, वाढ थांबते. पाऊस लागला की मोठ्या छिद्रांची रांग उमटते. ही रांग म्हणजे नव्या वर्षाची सुरुवात. मध्यापासून सालीपर्यंत दोन वेगळ्या दिशांनी मोजा. आकडे जुळले नाहीत तर खोटं वलय शोधा: पावसाने मोठा खंड दिला की झाड मध्येच थबकतं आणि पुन्हा वाढतं. अशी रेघ फिकट असते, बहुतेकदा पूर्ण गोल फिरत नाही. बोटाने माग काढला की मध्येच हरवते. चकती किती उंचीवरची हेही लिहा. छातीच्या उंचीवर बुंध्यापेक्षा वलयं कमी भरतात, कारण रोपाला तिथवर पोचायलाच काही वर्षं लागतात.

आता पाकट. आपल्या समुद्रातल्या जातीचं नाव एटोबॅटस ऑसेलॅटस. जुन्या पुस्तकांतलं एटोबॅटस नारिनारी हे नाव आता अटलांटिकमधल्या जातीपुरतं राहिलंय. सांगाडा कूर्चेचा, पण मणक्यांत चुना साठतो. मासळी बाजारात बर्फातला कुठलाही पाकट मिळाला तरी पद्धत तीच. डोक्यामागचे मणके एकमेकांत जुळलेले असतात, शेपटीचे बारीक. म्हणून पोटाच्या वरचे घ्या. गरम पाण्यात भिजवून मांस नखाने सोडवा. ब्लीच वापरलंच तर काही मिनिटं, आणि ते तुम्ही हाताळा. जास्त वेळ राहिलं तर कड झिजते आणि सगळ्यात नवं वलय कडेलाच असतं. मणका डमरूसारखा असतो. वाळल्यावर त्याच्या खोलगट तोंडावर मऊ पेन्सिल हलकी घासा आणि तिरप्या उजेडात भिंगातून बघा: उंचवटे काळे होतात, मधल्या खाचा पांढऱ्या राहतात.

इथेच बहुतेक प्रकल्प चुकतात. पाकटाची एक गडद-फिकट जोडी म्हणजे एक वर्ष, हे गृहीत धरता येत नाही. शास्त्रज्ञ जिवंत माशाला ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक औषध टोचतात. ते चुन्यात बसतं, अतिनील प्रकाशात चमकतं. मासा पुन्हा सापडला की त्या खुणेबाहेर किती जोड्या पडल्या ते मोजतात. म्हणून तक्त्यात सागापुढे ‘वर्षं’ लिहा, पाकटापुढे ‘वलय-जोड्या’.