लिहिण्याआधीचे खेळ

तुमचा प्रश्न असा आहे की मुलगा साडेचार वर्षांचा आहे, चित्रं आवडीने रंगवतो, पण अ-आ गिरवायचं म्हटलं की रडतो. शाळेतून मात्र रोज पानभर गिरवायला येतं. मग खेळातून लिहायला शिकवता येईल का? नक्की येईल. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलंय, त्यावरून सांगते.

सध्या घरी पेन्सिलचा आग्रह सोडा. या वयात बोटांत आणि मनगटात पुरेसं बळ आलेलं नसतं. मूल पेन्सिल घट्ट आवळून धरतं, हात दुखतो आणि रडू येतं. तो आळस नव्हे. पोळ्या करताना कणकेचा गोळा द्या, त्याचे साप वळू देत. मटार सोलणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, चिमटीने रांगोळी सोडणं ही कामं त्याला खेळच वाटतात. पाटीवर काढायला खडू द्याल तो बोटाच्या पेराएवढा मोडून द्या. इतका लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांत येतो.

मग रेघा. उभ्या, आडव्या, तिरप्या, गोल. ताटात रव्याचा पातळ थर पसरा आणि बोटाने काढू द्या. पूर्वी धूळपाटीवर मुलं हेच करायची. चुकलं की ताट हलवायचं, सगळं साफ! खोडरबर नाही, लाल शाई नाही, त्यामुळे भीतीच उरत नाही. आमच्या मुलांचा सर्वात लाडका खेळ पाण्याचा होता: जुना ब्रश पाण्यात बुडवून अंगणातल्या फरशीवर मोठ्ठी रेघ ओढायची आणि ती वाळायच्या आत तिच्यावरून पुन्हा ब्रश फिरवायचा. उन्हात रेघ भराभर उडते, पोरं ओरडत धावतात आणि हात खांद्यापासून मोकळा फिरतो. ठिपके जोडून रांगोळी काढणंही याच कामाचं.

अक्षरांकडे वळाल तेव्हा अ पासून सुरुवात करू नका. उच्चाराला तो सोपा असला तरी काढायला बराच अवघड आहे. ट, ठ, र, ग, म, न घ्या. एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं जोडीने आणा. व काढला, पोटात तिरकी रेघ टाकली की ब, बाहेर शेपूट काढलं की क. र ला आडवी रेघ आणि दांडा जोडला की स. 'कोणाला काय चिकटलं?' असं विचारत हा खेळ अर्धा तास चालतो. फक्त एक सांभाळा: अक्षर डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली काढायचं, डोक्यावरची रेघ शेवटी. हे वळण सुरुवातीलाच बसलेलं बरं, उलटं बसलं की मोडायला फार कष्ट पडतात. चार-पाच अक्षरं आली की पाठीवर बोटाने अक्षर काढून ओळखायला सांगा, मग तुमची पाठ त्याला द्या.

साहित्य विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या त्या शंख-शिंपले, बिया, पानं असल्या आसपासच्या वस्तूंवरच. चिंचोके ओळीत मांडून केलेला ग मुलाला चांगला लक्षात राहतो.

पुढे लिहिण्याला कारण लागतं. दुकान-दुकान खेळताना भावाची पाटी हवी, भातुकलीत हॉटेल काढलं तर पदार्थांची यादी हवी, आजीला चिठ्ठी हवी. 'वडा'चं 'वढा' झालं तरी तिथे दुरुस्त करू नका, वाचा आणि ऑर्डर द्या. काना-मात्रा, वेलांट्या नंतर पाहता येतात. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येणंही नेहमीचंच आहे. बटण लावणं, चमचा धरणं यातही बराच त्रास होत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा.

शाळेचं काय करायचं? बाईंना भेटून सरळ सांगा की पानाऐवजी दोनच ओळी करून घेऊ, बाकी घरी हाताचे खेळ घेतोय. माझ्याकडे असं सांगायला जे पालक आले, त्यांचं मी ऐकलं.