वर्गात बातमीवर पहिल्यांदाच बोलताय? आधी एवढंच करा

विषय आधी छाटा. ‘मराठी भाषा’ पाच मिनिटांत मावत नाही. ‘अभिजात दर्जा मिळाला म्हणजे काय झालं?’ हे मावतं.

- पहिल्याच वाक्यात बातमी सांगा: ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीला हा दर्जा मंजूर केला. शाळेतल्या निबंधासारखी प्रस्तावना नको.
- व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर उचलू नका. दोन वर्तमानपत्रं आणि पीआयबीचं (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं) पत्रक ताडून बघा.
- स्लाइड चारच. अख्खा परिच्छेद चिकटवलात, की वर्ग तुमच्याआधी वाचून मोकळा होतो.

घड्याळ लावून दोनदा मोठ्यानं बोलून बघा. मनात वाचताना वेळ हमखास कमी भरतो. प्रश्न अडला तर ‘उद्या बघून सांगेन’ म्हणा, ठोकून देऊ नका.