रिपोर्टवर तारीख असते, विषाणूवर नसते

"ताई, हे माझ्यात आलं कुठून?"

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलाय, की आता बाई खुर्चीच्या कडेवर टेकली आणि तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला की मला ओळखू येतं. कागदावर एका ओळीखाली पेनाने रेघ मारलेली असते. एचपीव्ही पॉझिटिव्ह. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ज्याच्यामुळे होऊ शकतो, तो हा विषाणू. पूर्वी मला वाटायचं, बाई आधी विचारेल, मी जगेन ना? ते ती विचारते, पण मागाहून. आधी विचारते कुठून आलं. आणि त्या 'कुठून'चा अर्थ असतो 'कोणाकडून'.

जळगावात समुपदेशक म्हणून बसून रावेर-यावलपासून पारोळा-अमळनेरपर्यंतच्या बायकांचं ऐकते. या एका प्रश्नावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मोडता मोडता राहिलेल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती रावेरकडची, चाळिशी नुकतीच ओलांडलेली. घरची पाच एकर केळी. फाल्गुनात गावात तपासणी शिबिर झालं, तिथे तिने नमुना दिला. पंधरा दिवसांनी रिपोर्ट मोबाइलवर आला. पुतण्याने वाचून दाखवला आणि सासूबाईंनी ऐकलं ते 'एचआयव्ही'. दुसऱ्या दिवसापासून हिचं ताट, वाटी, पेला मोरीजवळच्या फळीवर वेगळा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी पारोळ्याकडे गेली ती परत आलीच नाही. झोके बांधले, सोडले, बरोबरीच्या सासुरवाशिणी आपापल्या घरी गेल्या, ही तिथेच. महिनाभराने भाऊ तिला माझ्याकडे घेऊन आला.

पहिल्या भेटीत पंधरा मिनिटं ती बोललीच नाही. मग एकदम माहेरच्या बोलीत म्हणाली, "ताई, मन्हं काय चुकनं?"

मी ज्या विचारात शिकले, त्यात भावनेच्या आधी वाक्य शोधतात. रिपोर्ट वाचून माणूस स्वतःशी काहीतरी एक वाक्य म्हणतो, आणि ते वाक्य त्याला रात्रभर जागं ठेवतं. ते सापडलं की निम्मं काम झालं. तिची वाक्यं एकाखाली एक होती. वर, मला कॅन्सर झालाय. त्याखाली, नवरा चार वर्षं सुरतला कामाला होता, त्यानेच हे आणलं. आणि अगदी तळाशी, सासरी म्हणत असतील की मीच आणलं.

वरचं वाक्य हलवायला फार वेळ लागला नाही, कारण तिथे विज्ञान भक्कम आहे. एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत, कॅन्सरशी नातं असलेले त्यात डझनभर. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या चमूने १९८३ आणि १९८४ मध्ये त्यांतले १६ आणि १८ हे दोन प्रकार कॅन्सरच्या गाठीत शोधून दाखवले. त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. या कॅन्सरचे साधारण ७० टक्के रुग्ण या दोन प्रकारांमुळे होतात. पण विषाणू अंगात आला म्हणजे कॅन्सर झाला असं होत नाही. दहातल्या नऊ जणींचं शरीर साधारण दोन वर्षांत त्याला आपणहून घालवतं. जिच्यात तो ठाण मांडतो, तिच्यातही कॅन्सरपर्यंत पोचायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचा निकाल आला. एकदाच एचपीव्ही तपासून गरज असेल तिला उपचार दिले, तर आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणून मी बायकांना सांगते, हा कॅन्सर लागल्याचा कागद समजू नका, लागण्याआधी गाठण्याचा आहे.

तिची पुढची तपासणी झालेलीही होती. डॉक्टरांनी गर्भाशयाच्या मुखाला सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून पाहिलं होतं. जिथे पेशी बदलू लागतात तिथे मिनिटभरात पांढरा डाग उठतो. हिला उठला नव्हता. वर्षाने पुन्हा या, असं लिहिलं होतं. तो कागद त्याच पर्समध्ये होता, आठ घड्या घालून, खालच्या कप्प्यात. त्यावर एकाही ओळीला रेघ नव्हती.

दुसऱ्या भेटीला ती आणखी एक रिपोर्ट घेऊन आली. मावशीने लॅबमध्ये नेऊन 'कॅन्सर पॅकेज' करून आणलं होतं. सीए १२५ या रक्तातल्या प्रथिनाचा आकडा ५२, समोर ३५ पर्यंत नॉर्मल आणि बाजूला छापलेला तारा. त्या ताऱ्याने घरात पुन्हा रडारड. मी तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी, कॅन्सर नसलेली गाठ निघाली, आणि रक्त दिलं होतं तो पाळीचा दुसरा दिवस. दोन्हींनी हा आकडा वाढतो. गरोदरपणात वाढतो, पोटाच्या टीबीत वाढतो, यकृताच्या दुखण्यातही वाढतो. अंडाशयाच्या कॅन्सरचा उपचार चालू असताना तो लागू पडतोय का हे बघायला हा मार्कर फार कामाचा. पण तब्येतीची काही तक्रार नसताना धाडकन करून घ्यायची ही चाचणी नव्हे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला. २०२१ मध्ये अंतिम निकाल आला, की या चाचणीवर आधारलेल्या तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. भीतीपोटी पॅकेज करून घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, आधी डॉक्टरला विचारा. त्यांना शंका आली तरच रक्त द्या.

खालची दोन वाक्यं मात्र हलेनात. मी कितीही समजावलं तरी ती मान डोलवायची आणि शेवटी म्हणायची, "ते बरोबर आहे ताई, पण आलं कुठून?"

तिसऱ्या भेटीला मी नवऱ्याला बोलावलं. तो आला आणि दाराशी उभा राहिला. "भाऊ, आत बसा ना," म्हटलं. बसला, पण दोघांमध्ये एक खुर्ची सोडून. बराच वेळ नखं बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. पण व्हायरस तो व्हायरस. केळीत हरण्या आला की आम्ही झाड ठेवत नाही. उपटतो, गाडतो. नाही तर बाग जाते."

तिने पदर घट्ट धरला. तिचा पाय, जो दोन्ही भेटींत सारखा हलत होता, थांबला.

त्या क्षणी मला उमगलं. इतके दिवस मी 'विषाणू' म्हणत होते आणि मला वाटत होतं, आम्ही एकाच गोष्टीबद्दल बोलतोय. केळीच्या घरात या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, पानावर पिवळे पट्टे दाखवतो आणि शेतकरी झाड मुळासकट काढतो. ताट वेगळं ठेवणाऱ्या सासूबाई, माहेरीच राहिलेली ही, दाराशी उभा राहिलेला हा, तिघंही त्याच एका शब्दाचा अर्थ पाळत होते. पुस्तकं मला हे सांगू शकली नसती. त्या दिवशी मी समजावणं थांबवून विचारलं, हे मला आजही समाधान देतं.

"भाऊ, तुमच्या बागेत हरण्या कुठून आला होता?"

तो एकदम जाणकारासारखा बोलू लागला. "त्याचं काही सांगता येत नाही. कधी रोपातूनच येतो. कधी मावा आणतो. जवळपास काकडी असली, टमाटे असले, तर तिथूनबी."

"पान पिवळं दिसलं त्याच दिवशी आला होता?"

"नाही हो. तो आधीच आलेला असतो. दिसतो मागून."

"मग भांडलात कोणत्या शेजाऱ्याशी?"

"कोणाशी भांडणार? चहूकडे बागाच..."

बोलता बोलता तो थांबला. मी काही बोलले नाही. वर पंखा तेवढा करकरत होता. त्या दिवसात पहिल्यांदा तिने त्याच्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे हिचंबी..."

"दोघांचंही," मी म्हटलं. "रिपोर्टवर तारीख आहे ती नमुन्याची. विषाणू कधी आला आणि कोणाकडून, हे जगातली कुठलीच लॅब सांगू शकत नाही. तो वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग चाचणीत दिसतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला असू शकतो. बहुतेक माणसांना आयुष्यात तो कधी ना कधी होतो, एकच जोडीदार असला तरी. तुमची तपासणी करून काढावं म्हटलं, तर पुरुषांसाठी तशी नेहमीची चाचणीही नाही. आणि एक फरक लक्षात ठेवा. केळीचं झाड हरण्याला बाहेर काढू शकत नाही, म्हणून ते उपटावं लागतं. हिचं शरीर बहुधा काढू शकतं."

सुरतेच्या चार वर्षांबद्दल मी त्याला निर्दोष ठरवलं नाही, दोषीही नाही. मला ते माहीत नाही आणि रिपोर्टलाही नाही. तिला मी एकटीला गाठून सांगितलं, विचारायचं असेल तर विचार, तो तुझा हक्क आहे. फक्त हा कागद साक्षीला उभा करू नकोस. तिने विचारलं. काय उत्तर मिळालं, ते मी तिला विचारलं नाही.

अशा घरांतल्या माणसांना मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. एचपीव्ही म्हणजे एचआयव्ही नव्हे. एचपीव्ही ताटातून, पाण्यातून, एकत्र जेवणातून पसरत नाही, तो जवळिकीतल्या त्वचेच्या संपर्कातून पसरतो. लसीने अंगातला विषाणू जात नाही, म्हणून ती मुलींना वेळेवर, ९ ते १४ च्या वयात द्यायची. पुण्याच्या सीरमची भारतीय लस २०२३ पासून मिळते आहे. तिशी उलटलेल्या बाईने, काही त्रास नसला तरी, तपासून घ्यावं. आणि पॉझिटिव्ह आलं तर दुसरी तपासणी चुकवू नये. हे मी सगळ्यात जोर देऊन सांगते, कारण 'कोणाकडून'च्या भांडणात नेमकी तीच राहून जाते. घर दुखावतं आणि वर्षं निघून जातात.

श्रावणात कानबाईच्या सणाआधी ती सासरी गेली. सासूबाईंना नवऱ्यानेच सांगितलं, हरण्याचंच उदाहरण देऊन. फळीवरचं ताट परत मांडणीवर आलं, पण त्याला महिना लागला.

शेवटच्या भेटीत तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर यायला अवकाश होता, म्हणून वहीच्या कागदाची चिठ्ठी त्या पानाला पिन मारून लावलेली. तिच्या अक्षरात, 'मार्चमध्ये दवाखाना'. त्याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, 'सोबत जाणे. पोरीच्या लशीचं विचारणे.'