झोळी आणि कपड्यांना पर्मेथ्रिन लावताना

पावसाळा सरल्यावर इंदूरहून चोरल किंवा जानापावच्या बाजूला आपण प्रथमच मुक्कामाला जाणार असाल, तर झोळीच्या, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधून झोपायच्या हॅमॉकच्या, तळाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण पातळ नायलॉन अंगाच्या भाराने ताणून पाठीला चिकटते आणि डास त्यातूनही चावतात. त्यासाठी कपड्यांसाठीच बनवलेले ०.५ टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक घ्यावे. शेतीचे औषध पातळ करून वापरण्याचा मोह मी तरी कधीच धरणार नाही. आदल्या दिवशी गच्चीवर, वारा पडलेला असताना, हातमोजे घालून झोळीवर आणि कपड्यांवर फवारावे, सावलीत वाळवावे आणि कापड पूर्ण सुकेपर्यंत मांजरीला जवळ फिरकू देऊ नये, कारण ओले पर्मेथ्रिन तिच्या जिवावर बेतू शकते. पायमोज्यांवरही फवारायला विसरू नये. त्वचेवर मात्र हे न लावता डीट हे डास दूर ठेवणारे औषध वापरावे. साधारण सहा धुण्यांनंतर फवारणी पुन्हा करावी, आणि उरलेले औषध नदीकाठी सांडू नये. पाण्यातल्या माशांना ते विषच आहे.