मुलगी सतत घाबरते. हा तिचा स्वभाव आहे की आमचं काही चुकतंय?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी दुसरीत आहे. घरी भावाशी तावातावाने भांडते, पण बाहेरच्या कुणी नाव विचारलं की तुमच्या मागे लपते. रविवारी संध्याकाळी पोटात दुखायला लागतं. रात्री दहा वेळा विचारते, "आई, उद्या घ्यायला तूच येशील ना?" सासूबाई म्हणतात आईवर गेलीय, मिस्टर म्हणतात तू लाडावून ठेवलंयस, आणि तुम्ही विचारताय की हे माझ्यामुळे झालं का. मी एका मराठी शाळेत समुपदेशक आहे. समोर बसून हाच प्रश्न डोळे पुसत विचारणाऱ्या आया मी खूप पाहिल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिचा बुजरेपणा तुम्ही घडवलेला नाही. त्याचा पुरावा तुमच्याच घरात आहे: तिचा भाऊ. आईबाप तेच, घर तेच, आणि तो मात्र गॅदरिंगमध्ये सगळ्यात पुढे. काही मुलांचा पिंडच असा असतो की नवीन माणूस, नवीन जागा, मोठा आवाज यांनी त्यांचं शरीर चटकन सावध होतं. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी सुमारे ५०० बाळांवर वर्षानुवर्षं काम केलं. बाळं चार महिन्यांची असताना त्यांच्यापुढे रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले, उग्र वास दिला. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून, पाठीची कमान करून रडायचं. बरीचशी बाळं शांतपणे बघत राहायची. रडणाऱ्या गटातली मुलं पुढे दीड-दोन वर्षांची झाली तेव्हा अनोळखी माणसांपुढे जास्त बुजणारी निघाली. चार महिन्यांच्या बाळाला कुणी लाडावून ठेवलेलं नसतं, एवढं मिस्टरांना जरूर सांगा.

२००३ मध्ये त्याच गटातल्या संशोधकांनी, दोन वर्षांचे असताना बुजरे म्हणून नोंदवलेल्या मुलांना विशीत पुन्हा बोलावलं. अनोळखी चेहरे दाखवल्यावर त्यांच्या मेंदूतला धोका हेरणारा भाग, म्हणजे अमिग्डाला, इतरांपेक्षा जास्त पेटत होता. यातले बरेचजण तोवर चारचौघांसारखं आयुष्य जगत होते. पिंड आत राहतो, पण माणूस त्याच्यासकट चांगला जगू शकतो, असं मला त्यातून दिसतं. बुजऱ्या मुलांना पुढे सामाजिक भीतीचा विकार (चारचौघांत वावरण्याची, बोलण्याची टोकाची भीती) होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, हे खरं आहे. तरीही त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांना तो होत नाही. आणि कुणाला होतो, कुणाला नाही, यात घराचा संबंध येतो.

सासूबाईंच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, फक्त त्यांना वाटतं तसं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून चिंताविकारांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के निघतो. (हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. तुमच्या मुलीची ४० टक्के भीती रक्तातून आली, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.) मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०१५ साली प्रसिद्ध झालेला स्वीडनमधला अभ्यास. त्यात जुळे पालक आणि त्यांची किशोरवयीन मुलं घेतली होती. आई आणि मावशी अगदी एकसारख्या जुळ्या असतील, तर रक्ताच्या हिशोबाने मावशी आईइतकीच जवळची. मग चिंता मुख्यतः रक्तातून उतरत असती, तर मावशीच्या चिंतेचाही मुलाच्या चिंतेशी तसाच मेळ दिसायला हवा होता. तो जवळजवळ दिसला नाही. मेळ दिसला तो ज्या आईबापासोबत मूल राहतं, त्यांच्या चिंतेशी. म्हणजे आईवडिलांची काळजी मुलात उतरते ती बरीचशी एका घरात राहून, बघून, ऐकून.

मुलं आपला चेहरा किती बारकाईने वाचतात याचा एक जुना प्रयोग आहे, १९८५ चा. वर्षभराचं बाळ काचेच्या टेबलावर ठेवलं. काचेखाली मध्येच थोडा खड्डा दिसेल अशी रचना, आणि पलीकडे आई. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं रांगत पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आई एक शब्द बोललेली नव्हती. तुम्ही लिहिलंय की शाळेच्या फाटकाशी तुमच्याच छातीत धडधडतं आणि तिचा हात तुम्ही घट्ट धरता. ती तेवढ्यात वाचते की फाटकाच्या आत काहीतरी वाईट असणार.

याचा अर्थ दोष तुमचाच, असा मात्र लावू नका. २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलांच्या चिंतेतल्या फरकापैकी पालकांच्या वागण्याने उलगडणारा भाग जेमतेम ४ टक्के निघाला. त्यातही रागावणं किंवा झिडकारणं यांपेक्षा मुलाला स्वतःहून काही करू न देणं जास्त जड पडलं. दुसरी गोष्ट, पालकांचं वागणं मुलाकडूनही घडतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आयांना दुसऱ्यांच्या मुलांसोबत एखादं काम करायला बसवलं. चिंताग्रस्त मूल समोर आलं की बिनधास्त मुलांच्या आयासुद्धा जास्त मदत करायला, मध्ये पडायला लागल्या. घाबरलेलं लेकरू बघून कुणीही पुढे होणारच. तुम्ही जे करताय ते कुठल्याही मायाळू बाईने केलं असतं.

अडचण त्यानंतर सुरू होते. ती बोलत नाही म्हणून पाहुण्यांना तिचं नाव आजी सांगते. वाढदिवसाला जायला घाबरते म्हणून "बरं, नको जाऊस". पोटात दुखतं म्हणून सोमवारी घरी. झोप येत नाही म्हणून आई शेजारी. दर वेळी भीती त्या क्षणी उतरते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि तिच्या मनात नोंद होते की मी वाचले ते टाळल्यामुळे. टाळलं नसतं तरी काही झालं नसतं, हे कळण्याची संधीच तिला मिळत नाही. आपल्याकडे घरात माणसं जास्त, त्यामुळे तिच्यासाठी धावणारेही जास्त. आईने ठरवलं तरी आजी, आत्या, काका कुणीतरी पुढे होतंच.

दुसऱ्या टोकाला मिस्टरांची पद्धत: "बोल की, तोंडात जीभ नाही का?", भावाशी तुलना, सगळ्यांसमोर कविता म्हणायला उभं करणं. माझ्या अनुभवात अशा दटावणीने भित्रं मूल धीट होत नाही. भीतीच्या जोडीला लाजही येते. "पोलीस घेऊन जाईल", "मी तुला सोडून निघून जाईन" हे तर अशा मुलीसमोर कुणी कधीच म्हणू नये. ती ते खरं धरते. घरातली रोजची भांडणं, कुणाचं दारू पिणं, आजारपण यांचाही ताण हीच मुलं आधी टिपतात. तुमच्याकडे तसं काही असेल तर तेही मोजणीत घ्या.

मला सगळ्यात आशेची वाटलेली गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी एक उपचार तयार केला, त्यात मुलाला थेरपिस्टकडे न्यायचंच नाही. फक्त पालक जातात आणि मुलाच्या भीतीपुढे नमून आपण त्याला कुठे कुठे टाळू देतो ते एकेक करून कमी करायला शिकतात. चिंताविकार असलेल्या १२४ मुलांच्या चाचणीत हा उपचार मुलांना थेट दिलेल्या थेरपीइतकाच उपयोगी ठरला. २०१५ मध्ये अमेरिकेतच, चिंताविकार असलेल्या पालकांच्या निरोगी मुलांवर दुसरी चाचणी झाली. कुटुंबासोबत आठवड्याला एक अशी आठ सत्रं घेतली. वर्षभरात त्या गटातल्या सुमारे ५ टक्के मुलांना चिंताविकार झाला, सत्रं न मिळालेल्यांत सुमारे ३१ टक्के. तुम्ही स्वतः काळजीखोर आहात म्हणून मुलीचं नशीब ठरलं, असं समजू नका.

आता घरी काय करायचं. सगळं एकदम सोडू नका, एकच गोष्ट निवडा. मी दुकानापासून सुरुवात करायला सांगते. आधी तुम्ही बोला आणि पैसे तिने द्यायचे. मग "एक दुधाची पिशवी द्या" हे तिने म्हणायचं, तुम्ही शेजारी. मग तुम्ही पायरीवर. एक टप्पा कंटाळवाणा वाटेपर्यंत तिथेच थांबा, घाई करू नका. पाहुण्यांनी नाव विचारलं तर मनात सावकाश पाच आकडे मोजा आणि गप्प राहा. ती शांतता मोठ्यांनाच जास्त टोचते. आजीला आधी विश्वासात घ्या, नाहीतर तिसऱ्या आकड्यालाच उत्तर येईल.

रात्रीच्या "येशील ना?" ला एकदा नीट उत्तर द्या. पुन्हा विचारलं तर प्रेमाने एवढंच: "तुला भीती वाटतेय हे मला कळतंय. आणि तुला हे जमणार आहे, हेही मला माहीत आहे." ही दोन्ही वाक्यं एकत्र हवीत. नुसतं पहिलं म्हटलं तर ती भीतीतच अडकते, नुसतं दुसरं म्हटलं तर तिला वाटतं आईला कळतच नाही. पहिले काही दिवस ती जास्त रडेल, जास्त विचारेल. त्या वेळी माघार घेतली तर पुढच्या खेपेला आणखी कठीण जातं, म्हणून मिस्टर आणि सासूबाई यांच्याशी आधी ठरवूनच सुरू करा. फाटकाशी निरोप छोटा ठेवा, हात सोडा आणि निघा. धडधड होत असली तरी निघा.

पोटदुखीसाठी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच; भीतीची पोटदुखीही खरीच दुखते, पण दुसरं कारण नाही ना हे बघायला हवं. शाळा वारंवार बुडत असेल, खाणं-झोप बिघडली असेल, किंवा घरी घडाघडा बोलणारी मुलगी शाळेत महिनाभराहून जास्त काळ एक शब्दही बोलत नसेल, तर वाट न बघता बालमानसतज्ज्ञांकडे जा. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तज्ज्ञ निवडताना एक प्रश्न आवर्जून विचारा: तुम्ही पालकांना सोबत घेऊन काम करता का? उत्तर "नाही, मुलीला फक्त सोडून जा" असं आलं, तर दुसरे शोधा.