रीळ आणि कात्री : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्या फिल्म सोसायटीत युगोस्लाव्हियातल्या १९६०च्या दशकातल्या लघुपटांवर चर्चा चालली होती. मी म्हणालो, समाजवादी देशात कॅमेरा सरकारचा, फिल्म सरकारची, थिएटरही सरकारचं. मग असले मनमोकळे, विचित्र चित्रपट काढायला पैसे दिले कुणी? कुणालाच सांगता येईना. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पैसे सरकारनंच दिले! आणि ते सिनेमासाठी दिलेच नव्हते, हीच यातली खरी गंमत आहे.

महायुद्धात तो देश पार उद्ध्वस्त झाला होता. शेतकऱ्यांच्या मुलांना यंत्राची सवय लागावी म्हणून १९४६ मध्ये ‘नारोदना तेह्निका’ नावाची संघटना उभी राहिली. नावाचा अर्थ, जनतेचं तंत्रज्ञान. रेडिओ जुळवणं, विमानांच्या प्रतिकृती करणं, फोटो धुणं, मोटार दुरुस्त करणं असले छंद तिच्या छत्राखाली चालत. सिनेमाचे क्लब याच यादीत बसले. म्हणजे कॅमेऱ्याकडे कला म्हणून बघितलंच नव्हतं, सोल्डरिंगच्या कावियासारखं एक हत्यार म्हणून बघितलं होतं. झाग्रेबचा, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या राजधानीतला क्लब तर त्याहून जुना, १९२८चा. स्प्लिट शहरातला १९५२चा. बेलग्रेड, नोव्ही साद, साराजेवो, ल्युब्लियाना, सगळीकडे मंडळी जमू लागली. डॉक्टर, विद्यार्थी, कारकून, कामगार. क्लबकडे एखाददुसरा कॅमेरा, प्रोजेक्टर आणि फिल्म जोडायचं टेबल असे. संध्याकाळी काम आटोपून यायचं आणि आपली पाळी आली की कॅमेरा घेऊन बाहेर पडायचं.

तिकीट नाही, वितरक नाही, पगार नाही. त्यामुळे थिएटरात लागणाऱ्या चित्रपटावर जशी नजर असे तशी इथे नसे. आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. आपल्या राज्य नाट्यस्पर्धेतसुद्धा ‘हौशी’ या पाटीखाली सरकारी अनुदानावर किती धाडसी नाटकं उभी राहिली! व्यावसायिक रंगभूमीवर ती कुणी घेतली असती का?

मी तीस वर्षं संकलन केलं, त्यातली निम्मी १६ मिमी रुंदीच्या फिल्मवर, म्हणून एक हाताची गोष्ट सांगते. क्लबांमध्ये असत तसल्या चावीच्या कॅमेऱ्यात एकदा चावी भरली की साधारण अर्धा मिनिट फिल्म पळते आणि कॅमेरा थांबतो. ८ मिमीचं ५० फुटी रीळ सेकंदाला सोळा चौकटींच्या गतीनं चालवलं तर चार मिनिटांत संपतं. एवढ्याच मापात सगळा विचार करायचा. तुमच्या चर्चेतले चित्रपट पुन्हा बघाल तेव्हा शॉट कुठे तुटतो ते बघा. पुष्कळदा तो चावीनं तोडलेला असतो आणि त्या माणसानं ती तोड आपलीशी केलेली असते.

यात माझा सगळ्यात आवडता माणूस तोमिस्लाव गोतोवात्स. झाग्रेबमध्ये वाढलेला, पण १९६४ मध्ये बेलग्रेडच्या विद्यार्थ्यांच्या क्लबमध्ये त्यानं लागोपाठ तीन छोटे चित्रपट केले. ‘प्राव्हात्स’ म्हणजे सरळ रेषा. कॅमेरा ट्रामच्या पुढच्या काचेशी ठेवलेला, ट्राम रुळावरून सरळ पुढे जाते, बस्स. दुसऱ्यात तो कॅमेरा हातात घेऊन खानावळींत शिरतो आणि जेवणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या लोकांचे चेहरे टिपत सुटतो. तिसरा ‘क्रुझ्नित्सा’, वर्तुळ. उंच गच्चीवर कॅमेरा गोल गोल फिरत राहतो. पहिला अर्पण केलाय दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स आणि ड्यूक एलिंग्टनला, म्हणजे हॉलिवूड आणि जॅझला! पुण्यात एका मैत्रिणीच्या घरी भिंतीवर मी तो ट्रामचा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आयुष्यभर मी जोड लपवायला शिकले आणि इथे एक पोरगा रुळाकडे नुसतं बघत राहायला सांगत होता.

प्रश्न : एका शिबिरात ‘अँटिफिल्म’ म्हणून एक चित्रपट दाखवला. पडद्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. हा प्रेक्षकांचा अपमान नाही का? – एक शिक्षक, संगमनेर

उत्तर : तुमचा राग मला समजतो, मीही तो अनुभवला आहे. पण त्यामागचा माणूस आधी ओळखून घ्या. मिहोविल पान्सिनी पेशानं डॉक्टर, कानाचे. झाग्रेबच्या क्लबात १९६२च्या सुमारास त्यांनी आणि मित्रांनी बैठका घेतल्या. प्रश्न असा होता की गोष्ट, अभिनय, सुंदर चौकट, दिग्दर्शकाची मतं हे सगळं काढून घेतलं तर सिनेमात उरतं काय? त्याला त्यांनी ‘अँटिफिल्म’ म्हटलं. त्यातूनच १९६३च्या डिसेंबरात ‘गेफ’ हा प्रायोगिक चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला. पुढचे १९६५ आणि १९६७ मध्ये भरले आणि शेवटचा १९७० मध्ये. प्रत्येकाला एक विषय असे. १९६७चा होता सायबरनेटिक्स, म्हणजे यंत्रं आणि सजीव यांच्या नियंत्रणाचं शास्त्र, आणि सौंदर्यशास्त्र.

एका चित्रपटात पान्सिनींनी कॅमेरा पाठीवर घेतला आणि रस्त्यानं चालत राहिले. काय टिपलं जातंय ते त्यांना दिसतच नव्हतं. ‘के-३’मध्ये पडद्यावर उजळलेली रिकामी चौकटच तेवढी दिसते. ज्याचा सगळा दिवस लोकांना ऐकू येतं की नाही हे तपासण्यात जातो, तो माणूस पडद्याकडेही तसाच बघत असणार असं मला वाटतं. आधी शांतता ऐकू येते का ते बघू, आवाज नंतर.

आणि झ्लात्को हायद्लरचं ‘कारियोकिनेझा’ (१९६५) तर ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला होता. त्यात प्रोजेक्टरच्या दिव्यानं फिल्म जळते आणि ते जळणं हाच चित्रपट. आम्ही संकलक जळालेल्या चौकटीला दुखवट्याचं काहीतरी मानतो. पण वितळताना फिल्मवर उठणारे ते बुडबुडे एकदा बघितले की विसरता येत नाहीत. अपमान म्हणाल तर मला तो कुठेच दिसला नाही. प्रेक्षकाला आपल्या बरोबरीचा समजल्याशिवाय असलं काही त्याच्यापुढे ठेवायला धजावत नाही माणूस.

प्रश्न : या क्लबांत बायका होत्या का? मी ५२ वर्षांची आहे, मोबाइलवर थोडंफार शूट करते. – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : होत्या, पण थोड्या. तात्याना इवान्चिच यांचं नाव लक्षात ठेवा. झाग्रेबच्या गृहिणी, जन्म १९१३चा, आणि क्लबातलं त्यांचं काम बहरलं पन्नाशीनंतर. १९६९च्या एका लघुपटात त्यांनी दुकानांच्या काचांमध्ये पडलेलं शहराचं प्रतिबिंब टिपलंय. बाजाराला जाता-येता रोज दिसणारी काच! तुमच्या गावातल्या साडीच्या दुकानाची काच संध्याकाळी पाचला कशी दिसते ते उद्या बघून ठेवा.

प्रश्न : इतकं मोकळं होतं तर मग तिथे बंदी, तुरुंग हे सगळं कसं झालं? – एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : चित्रपट क्लबाबाहेर पडला तेव्हा झालं. बेलग्रेडच्या क्लबातले तिघे, झिवोयिन पाव्लोविच, मार्को बाबात्स आणि कोकान राकोन्यात्स, यांनी १९६२ मध्ये तीन कथांचा एक पूर्ण लांबीचा चित्रपट केला. तो निभावला. पण १९६३चा त्यांचा ‘ग्राद’ म्हणजे ‘शहर’ साराजेवोच्या न्यायालयात गेला आणि त्यावर रीतसर बंदी आली. आरोप काय, तर त्यातलं जीवन फार उदास आहे. त्याच क्लबातले दुशान माकावेयेव पुढे जगभर गाजले आणि १९७१च्या चित्रपटानंतर त्यांना देश सोडावा लागला. नोव्ही सादच्या जेलिमिर जिल्निकला १९६९ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘बोर्बा’ या दैनिकानं या सगळ्यांना ‘काळी लाट’ असं नाव ठेवलं.

सगळ्यात जास्त भोगलं लाझार स्तोयानोविचनं. ‘प्लास्टिक येशू’ हा त्याचा बेलग्रेडच्या चित्रपट अकादमीतला पदवीचा चित्रपट, १९७१चा. त्यापायी तो तुरुंगात गेला, त्याच्या मार्गदर्शक प्राध्यापकाची नोकरी गेली, आणि चित्रपट लोकांसमोर यायला १९९० उजाडलं. त्यात मुख्य भूमिका कुणाची? आपल्या ट्रामवाल्या गोतोवात्सची. तोही तिथेच शिकत होता, त्याचीही पदवी काही वर्षं अडवून ठेवली गेली. हे लिहिताना आजही माझा जीव कळवळतो. विद्यार्थ्याचा चित्रपट होता तो!

क्लब मात्र चालूच राहिले. ‘पुला’ नावाच्या शहरात १९६५पासून हौशी चित्रपटांचा वेगळा महोत्सव भरे, तो पुढे पंचवीसेक वर्षं भरत राहिला.

प्रश्न : वडिलांनी १९७०च्या सुमारास ८ मिमीवर घेतलेली चार रिळं पत्र्याच्या डब्यात सापडली आहेत. जुना प्रोजेक्टरही आहे. चालवून बघू का? – एक वाचक, मिरज

उत्तर : नका. कृपा करून नका. घरगुती ८ मिमी फिल्म बहुतेक वेळा रिव्हर्सल असते, म्हणजे निगेटिव्ह नसतंच. कॅमेऱ्यातून जी गेली तीच धुऊन पडद्यावर येते. प्रत एकच, आणि प्रत्येक खेळाला तिच्यावर नवा ओरखडा. झाग्रेबच्या त्या हौशी मंडळींचीही पुष्कळ रिळं अशीच एकुलती एक होती. क्रोएशियाच्या चित्रपट क्लबांच्या संघानं ती जपली, दुरुस्त केली, म्हणून आज आपण त्यांच्यावर वाद घालू शकतो.

डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट येत असेल तर फिल्म कुजायला लागली आहे. ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि घाई करा. पत्र्याचे गंजके डबे बदला. थंड, कोरड्या कपाटात ठेवा, माळ्यावर नको. मग ८ मिमीचं स्कॅनिंग करणारा माणूस शोधा आणि फिल्म प्रोजेक्टरमधून चालवून भिंतीवरून शूट करणार की एकेक चौकट स्कॅन करणार, हे आधी विचारा. भिंतीवरून म्हणाला तर रिळं उचलून घरी या. आणि डब्यावर वडिलांच्या हातचं काही लिहिलेलं असेल, तारीख, गावाचं नाव, काहीही, तर डबा टाकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.