डेंटल असिस्टिंग: कम्युनिटी कॉलेज की बारा आठवड्यांचा क्लास?

बी.कॉम. झालंय, सॅन होजेजवळ राहता, एच-4वर (एच-1बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना, हातात आहे. खासगी क्लास करावा की कॉलेजात वर्ष घालावं, असं तुम्ही विचारलंय. मी इथेच हे काम, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना उपचारात मदत, करते, म्हणून सविस्तर लिहिते. एच-4वर शिकता येतं, पण पगार घ्यायचा तर ईएडी हवंच. त्याची मुदत कधी संपते ते आधी बघा.

माझं मत कॉलेज. पण कोडाची (दंतशिक्षणाचे कोर्स तपासून मान्यता देणारी अमेरिकी संस्था) मान्यता असलेलंच. असा कोर्स केला की डॅन्बच्या (डेंटल असिस्टंटांची परीक्षा घेणारी राष्ट्रीय संस्था) सीडीए, म्हणजे सर्टिफाइड डेंटल असिस्टंट, परीक्षेला थेट बसता येतं. बिनमान्यतेच्या क्लासमधून आलात तर आधी 3,500 तासांची नोकरी दाखवावी लागते. क्लासवाले हे आपणहून सांगत नाहीत! कॅलिफोर्नियात वजन आरडीए (रजिस्टर्ड डेंटल असिस्टंट) या राज्याच्या लायसन्सला जास्त, म्हणून कोर्सला राज्याच्या डेंटल बोर्डाचीही मान्यता आहे ना, हे नक्की विचारा. निवासी ठरलात तर सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात फी युनिटला (क्रेडिटला) 46 डॉलर. स्क्रब्ज, किट, पुस्तकं वेगळी.

खरा फरक लॅबमध्ये कळतो. डॉक्टर उजव्या हाताचे असतील तर पेशंटचं डोकं बारावर धरून आपण घड्याळातल्या दोन ते चारच्या मधे बसायचं, डॉक्टरांच्या नजरेपेक्षा चार-सहा इंच उंच. एका हातात सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी ओढून घेणारी नळी. दुसऱ्या हाताने अवजार असं द्यायचं की डॉक्टरांना मान वळवावी लागू नये. हे व्हिडिओ बघून येत नाही, हात बसावा लागतो. दातांचा ठसा घ्यायच्या अल्जिनेटचंही तसंच. पाणी जरा कोमट झालं की ते भराभर घट्ट होतं, ट्रे तोंडात जायच्या आतच. मग सगळं पुन्हा, आणि पेशंटला उमासे येतात ते वेगळंच.

दिवसाचा बराच वेळ स्टेरिलायझेशनमध्ये जातो, हे जाहिरातीत दिसत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने अवजारं निर्जंतुक करणारं यंत्र) ठेवलेल्या पाकिटावरची पट्टी रंग बदलते, त्यावरून आत उष्णता पोहोचली एवढंच कळतं. जंतू मेले का, हे बघायला आठवड्याला स्पोअर टेस्ट करतात. ज्यांना अशा कामाचा कंटाळा आहे त्यांनी फी भरूच नये.

कोडाच्या कोर्समध्ये किमान 300 तास प्रत्यक्ष दवाखान्यात काढावे लागतात. त्याचे पैसे बहुधा मिळत नाहीत, पण नोकरी पुष्कळदा तिथूनच लागते.

‘एवढं शिकून दुसऱ्याच्या तोंडात नळी धरणार?’ हे नातेवाइकांकडून ऐकावं लागेल. ऐका आणि सोडून द्या. मात्र हायजिनिस्टशी गल्लत करू नका. टार्टर, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर, काढायचं काम तिचं, पगार जवळपास दुप्पट, पण त्यासाठी अ‍ॅनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी आधी करावं लागतं. असिस्टिंग ही त्याची पहिली पायरी नव्हे.

तुमच्या जाऊबाई बीडीएस आहेत म्हणालात. त्यांनी हा कोर्स करू नये. परदेशी दंतपदवीधरांसाठी डॅन्बची वेगळी वाट आहे. फक्त दातांचे आकडे नव्याने पाठ करावे लागतील. पुण्यात 46 म्हणायच्या तो दात इथे 30.

आणि हिपॅटायटिस बीची लस आजच बघा. तीन डोसांना सहा महिने लागतात आणि दवाखान्यात पाठवण्याआधी कॉलेज कागद मागतं. भारतात घेतली असेल तर आईला जुनी फाइल शोधायला सांगा, नाही सापडली तर टायटरची, म्हणजे लसीचं संरक्षण अंगात आहे का ते दाखवणारी, रक्ततपासणी करून घ्या.